बॉनेट तेच, इंजिन दुसरं

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मी टर्नर म्हणून लागलो तेव्हा आमच्या शॉपमध्ये मुख्य काम ऑइल इंजिनांचं होतं. उसाला पाणी उपसणारी इंजिनं, त्यांचे क्रँक, लायनर, फ्लायव्हील. मोटारगाडीचं काम मधूनमधून यायचं. ऐंशीच्या दशकात ते इतकं वाढलं की शेडच्या एका कडेला कायम एखादी अ‍ॅम्बॅसिडर नाहीतर फियाट बॉनेट काढून उभी असायची. मालक डॉक्टर असो, बागायतदार असो की गुळाचा व्यापारी, गाऱ्हाणं ठरलेलं होतं. गाडी ओढत नाही, काहीतरी करा. या गाऱ्हाण्याचा इतिहास कुणीतरी लिहायला हवा असं मला फार दिवस वाटत आलंय. कंपन्यांच्या इतिहासात मॉडेल कधी आलं, कधी बंद पडलं हे सापडतं. आहे त्याच गाडीतून लोकांनी स्वतःच्या पैशाने आणि ओळखीच्या मिस्त्रीच्या हाताने जास्त ताकद कशी काढली, ते त्यात येत नाही.

आजच्या पोराला पहिला प्रश्न पडतो तो असा, की गाडी कमी पडत होती तर दुसरी घ्यायची होती. पण घ्यायची कुठली? १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने ठरवलं की ज्यांना इथेच गाडी बनवायची आहे त्यांनीच राहावं, नुसती जुळणी करणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा. परदेशी कंपन्या गेल्या. घरगुती वापराची गाडी बनवणाऱ्या तीनच कंपन्या उरल्या: उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि आपल्या कुर्ल्याची प्रीमियर, जी वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढली. त्यातही नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. त्यामुळे एकदा दारात आलेली गाडी वीस-पंचवीस वर्षं सहज टिकवायची, मुलीच्या लग्नाला वापरायची आणि नातवाला शाळेत सोडायलाही तीच काढायची, असा रिवाज पडला.

आणि ही गाडी बॉनेटखाली बदलतच नव्हती. कुर्ल्याला १९५४ पासून फियाट ११०० बनू लागली. साठच्या दशकात तिची ‘डिलाइट’ झाली, सत्तरच्या दशकात ‘प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’. दिवे बदलले, जाळी बदलली, नाव तीनदा बदललं. इंजिन मात्र तेच, १०८९ सीसीचं. अ‍ॅम्बॅसिडरचंही तसंच. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून ती १९५७-५८ च्या सुमारास आली, आणि अगदी सुरुवातीच्या गाड्या सोडल्या तर पुढची कित्येक वर्षं तिच्यात १४८९ सीसीचं एकच पेट्रोल इंजिन राहिलं. मार्क टू, मार्क थ्री, मार्क फोर झाले, तरी घाटात सगळ्या सारख्याच दमायच्या.

लोकांचा पहिला इलाज बोअरिंगचा. ‘इंजिन बोअर करून घेतलं, आता गाडी पळेल’ असं अजूनही म्हणणारे आहेत. मी लेथशेजारी उभं राहून अनेकांना हिशेब करून दाखवलाय. फियाटचा सिलिंडर ६८ मिलिमीटरचा, पिस्टनची चाल ७५ मिलिमीटर. चार सिलिंडर मिळून १०८९ सीसी. आता बोअर सहा पॉइंटने वाढवून ६८.६ चा पिस्टन घातला, तर होतात ११०९. वीस सीसीने काय होणार? बोअर केलेली गाडी पळते ती घासलेला सिलिंडर पुन्हा गोल झाल्यामुळे आणि रिंगा नीट बसल्यामुळे. झिजलेली ताकद परत मिळते एवढंच. पण मालकाला फरक खरंच जाणवायचा, म्हणून बोअरिंगची कीर्ती टिकली.

ज्यांना त्याहून जास्त पाहिजे होतं ते हेडपर्यंत जायचे. हेडचं फेसिंग करून थोडं मटेरियल काढलं की वरची जागा कमी होते, कॉम्प्रेशन वाढतं, दाब वाढतो, पिकअप येतो. यातही हात राखावा लागायचा. त्या काळचं आपलं पेट्रोल हलक्या ऑक्टेनचं. जरा जास्त काढलं की चढावर इंजिन ठोकायला लागायचं आणि पुढे पिस्टनला भोक. त्यापुढची पायरी दोन कार्बोरेटरची. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती व्हायच्या, तिथे आपल्या घरगुती फियाटी याच उपायांनी तयार करून उतरवल्या जात: हेड उतरवलेलं, पोर्ट घासून गुळगुळीत केलेले, कॅम बदललेला, कार्बोरेटर मोठा. त्या शर्यतींच्या बातम्या वाचून आमच्याकडे कॉलेजची पोरं वडिलांची गाडी घेऊन यायची. वडील सोबत असतील तरच हात लावायचा, असा आमच्या दादांचा नियम होता. दादा म्हणजे शॉपचे मालक आणि माझे गुरू.

अ‍ॅम्बॅसिडरबद्दल मला एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे, कारण तिच्या इंजिनाला लोक उगाच नावं ठेवतात. हेच १४८९ सीसीचं बीएमसी इंजिन इंग्लंडमध्ये एमजीए नावाच्या दोन सीटच्या स्पोर्ट्स गाडीत होतं. तिथे दोन कार्बोरेटर आणि वेगळं हेड लावून त्यातून ७२ हॉर्सपॉवर काढले जायचे. आपल्याकडे एका कार्बोरेटरवर पन्नासच्या आसपास. म्हणजे ब्लॉकमध्ये दम होता. आपल्याकडचं पेट्रोल, आपले रस्ते आणि कंपनीला असलेली खात्रीची गिऱ्हाइकं, या तिन्हींमुळे तो दम कधी बाहेर काढला गेला नाही. स्पर्धा नसली की कारखानदाराला घाम गाळायचं कारण उरत नाही, हे मी आमच्या उद्यमनगरातही पाहिलंय.

मग १९७३ चा तेलाचा भडका उडाला. पेट्रोल महाग झालं, डिझेल त्या मानाने स्वस्त राहिलं, आणि गावोगावची माणसं डिझेलकडे बघू लागली. ऐंशीच्या सुमारास हिंदुस्थान मोटर्सने डिझेल अ‍ॅम्बॅसिडर काढली. इंजिन पुन्हा १४८९ सीसीच, डिझेलवर चालणारं, ३७ हॉर्सपॉवरचं. खर्च कमी म्हणून ती खपली. पण ३७ हॉर्सपॉवरवर टनाहून जड गाडी, पुढे तीन, मागे पाच, आणि डिकीत आंब्याच्या पेट्या. रत्नागिरीहून परत येताना साखरप्याला डबा खायला थांबायचं, इंजिन थंड होऊ द्यायचं आणि मग आंबा घाटाला लागायचं. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी वर आंबा गावात येईपर्यंत मागे एसटी आणि ट्रकांची रांग लागलेली. घाट चढताना पोरांना उतरवून चालवत न्यायची वेळ आली होती, असं सांगणाऱ्या एक गिऱ्हाईक बाई मला आठवतात. त्या बाईंनी स्वतः येऊन काम सांगितलं होतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की पुढच्या मे महिन्यात माहेरी जाताना पोरं गाडीतच बसलेली पाहिजेत.

कंपन्याही त्याच वेळी चाचपडत होत्या. १९८४ ला आलेली कॉन्टेसा दिसायला ऐसपैस, पण पोटात अ‍ॅम्बॅसिडरचंच १४८९ चं इंजिन. ती लांबरुंद गाडी त्याला ओढवेना. मद्रासच्या स्टँडर्डने १९८५ ला ‘स्टँडर्ड २०००’ काढली. शरीर इंग्लंडच्या नव्या रोव्हरचं आणि इंजिन जुन्या व्हॅनगार्डचं. ती चालली नाही आणि कंपनीही पुढे टिकली नाही. प्रीमियरने त्याच वर्षी ११८ एनई आणली. तिच्यात निस्सानचं ११७१ सीसीचं इंजिन आणि निस्सानचाच गिअरबॉक्स होता. हिंदुस्थान मोटर्सने इसुझुशी करार केला, मध्य प्रदेशात पिथमपूरला इंजिनाचा कारखाना काढला आणि कॉन्टेसात इसुझुचं १८१७ सीसीचं पेट्रोल इंजिन बसवलं. तेव्हा कुठे त्या गाडीला जीव आला.

जुन्या गाडीत दुसरं इंजिन बसवण्याचा आमचा धंदा याच जपानी इंजिनांनी उभा केला. अपघातात गेलेली कॉन्टेसा भंगारात आली की तिचं इंजिन आणि गिअरबॉक्स मुंबईला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर विकायला यायचे. तिथून ते ट्रकमध्ये पोत्यांत गुंडाळून कोल्हापूरला. डिझेल हवं असेल तर आकुर्डीच्या बजाज टेम्पोचं मर्सिडीज परवान्याचं इंजिन. जर्मनीत हे २४० डी मोटारीत असायचं, आपल्याकडे मॅटॅडोर आणि ट्रॅक्समध्ये. आमच्याकडे त्याला सगळे मॅटॅडोरचं इंजिन म्हणत. ज्यांच्याकडे जुनी पेट्रोल जीप होती ते महिंद्राच्या प्यूजो डिझेलची मागणी करायचे, २११२ सीसीचं. ते जीपमध्ये सरळ बसायचं. अ‍ॅम्बॅसिडरमध्ये काहीही सरळ बसत नसे.

इंजिन बदलण्याचं काम बाहेरून सोपं दिसतं. चेनपुलीने जुनं उचललं, नवं सोडलं, बोल्ट आवळले. प्रत्यक्षात सगळं अडतं ते इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे भेटतात तिथे. एका कंपनीच्या इंजिनाची भोकं दुसऱ्या कंपनीच्या बेल हाऊसिंगला जुळत नाहीत. मधे प्लेट घालावी लागते, आणि ती प्लेट हे माझं काम होतं. पॅटर्नमेकरकडून लाकडी पॅटर्न करून घ्यायचा, शेजारच्या फाउंड्रीत बिडाची ओतायची, लेथवर लावून दोन्ही तोंडं एका सेटिंगमध्ये घ्यायची. दोन सेटिंग केल्या की तोंडं समांतर राहत नाहीत. मग इंजिनाच्या बाजूची भोकं, गिअरबॉक्सच्या बाजूची भोकं, आणि दोन डॉवेल पिना. बोल्ट फक्त आवळून धरतात, सेंटर धरतात त्या पिना. हे शिकायला मला दादांची बरीच बोलणी खावी लागली.

प्लेट बसली की फ्लायव्हीलवर डायल गेज लावायचा, त्याचा काटा बेल हाऊसिंगच्या बोअरला टेकवायचा आणि क्रँक हाताने हळूहळू फिरवायचा. काटा पूर्ण फेरीत पाच थाऊच्या आत राहिला पाहिजे, म्हणजे इंचाच्या हजार भागांतले पाच. दादा काटा बघत आणि मी रेंच फिरवत असे. जास्त गेला की प्लेट पुन्हा खाली. सेंटर चुकलेलं इंजिन सुरू होतं, गाडी पळते, मालक पेढे देऊन जातो. महिन्याभराने टॉप गिअर उडायला लागतो, क्लच प्लेटचं मधलं हब फाटतं, गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगचा आवाज येतो. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं नाक क्रँकच्या मागच्या खड्ड्यात फिरतं. तो खड्डा मोठा असेल तर गनमेटलचा बुश काढून ठोकायचा. हा बुश अंगठ्याएवढा असतो, पण त्याच्यावर सगळी जोडणी उभी असते.

प्लेटच्या जाडीएवढा गिअरबॉक्स मागे सरकतो, म्हणून प्रोपेलर शाफ्ट कापून, सरळ लावून पुन्हा वेल्ड करायचा. इंजिनाचा खालचा ऑइल चेंबर पुढच्या क्रॉस मेंबरला लागायचा, तो कापून वेगळ्या आकाराचा करायचा. फाउंडेशनचे ब्रॅकेट नव्याने बनवायचे, त्यातलं रबर मऊ निवडायचं, कारण डिझेल इंजिन जागेवर फार हलतं. रेडिएटरला एक कोअर वाढवायचा. अ‍ॅम्बॅसिडरला पुढे टॉर्शन बार असतात. जड इंजिनाने नाक खाली गेलं की ते फिरवून उंची परत आणायची. आणि डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवर काम करतं, त्यामुळे जुनी क्राऊन-पिनियन ठेवली तर गाडी घाट मस्त चढायची पण सपाटीला लवकर ओरडू लागायची. कुणाला घाट हवा, कुणाला पुणे रस्ता, हे विचारूनच क्राऊन-पिनियन ठरायची.

घरातल्या माणसांना यातलं एकच दिसायचं. जुन्या गाड्यांचा गिअर स्टिअरिंगजवळ असे, त्यामुळे पुढच्या सलग सीटवर तिघं बसत. इसुझुचा गिअरबॉक्स आला की गिअरची काठी फ्लोअरमधून वर यायची. पत्रा कापून भोक पाडायचं, वर रबरी बूट. मधल्या माणसाची जागा गेली. कितीतरी घरांत यावरून वाद झाले, कारण ती मधली जागा बहुधा आजीची किंवा धाकट्या पोराची असे. काही लोकांनी त्यासाठीच जुना गिअरबॉक्स ठेवायला सांगितला आणि आम्हाला पुन्हा प्लेट करायला लावली. पुढे १९९२-९३ च्या सुमारास कंपनीने स्वतःच अ‍ॅम्बॅसिडर १८०० आयएसझेड काढली: इसुझुचं इंजिन, ७५ हॉर्सपॉवर, पाच गिअर, फ्लोअरला काठी, पुढे दोन वेगळ्या सीट. आमच्या शेडमध्ये जी गाडी आधीपासून बनत होती तीच आता शोरूममध्ये आली होती, आणि दादांना त्याचा खराखुरा आनंद झाला. नंतर इसुझुचं १९९५ सीसीचं डिझेलही आलं.

मुंबईत पद्मिनीची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. तिथे घाट नव्हता, टॅक्सीचा रोजचा हिशेब होता. नव्वदच्या दशकात प्रीमियरने १३६६ सीसीचं डिझेल घातलेली पद्मिनी काढली, आणि गॅरेजवाल्यांनी जुन्या पेट्रोल टॅक्सींतही डिझेल इंजिनं बसवली. धूर वाढला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि जुन्या टॅक्सींना सीएनजीवर जावं लागलं. सीएनजीवर तेच इंजिन पेट्रोलपेक्षा थोडं कमीच ओढतं, वर सिलिंडरचं वजन डिकीत. म्हणजे ताकद वाढवण्याच्या धडपडीत निघालेल्या या गाड्या शेवटी आणखी सौम्य झाल्या. हवेसाठी ते योग्यच झालं. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून उतरली.

ब्रेकबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. पन्नास हॉर्सपॉवरसाठी बनवलेले चारही चाकांचे ड्रम ब्रेक, आणि वर बसवलेलं जास्त ताकदीचं आणि जड इंजिन. घाट चढताना मिळालेलं सुख घाट उतरताना फेडावं लागायचं. चांगल्या गॅरेजांत सिलिंडर किट, लायनिंग, होज नवे टाकल्याशिवाय गाडी बाहेर जात नसे. पण अनेक ठिकाणी मालक इंजिनावरच पैसे संपवायचा आणि ब्रेकचं ‘पुढच्या वेळी बघू’ व्हायचं. या धंद्याला पुढे जी बंधनं आली त्यांतलं निम्मं कारण मला इथे दिसतं, आणि ते मला मान्य आहे.

कायदा पहिल्यापासून होता. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातही आणि १९८८ च्या नव्या कायद्यातही गाडीत बदल केला तर आरटीओला कळवून मंजुरी घ्यायची तरतूद होती. इंजिनाचं बिल, दुसऱ्या गाडीतलं असेल तर तिचे कागद, प्रतिज्ञापत्र. इन्स्पेक्टर यायचे, ब्लॉकवर कागद धरून पेन्सिलीने नंबरची प्रिंट काढायचे, आणि आरसी बुकात जुना इंजिन नंबर खोडून नवा लिहिला जायचा. सीसी बदलले, इंधन बदललं, खाली सही-शिक्का. २००० साली कलम ५२ मध्ये दुरुस्ती झाली. उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करायचा नाही असं ठरलं, सीएनजीसारख्या इंधनाच्या मंजूर किटला मुभा राहिली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ कायम केला.

पण आमचं काम कायद्याच्या आधीच आटत गेलं होतं. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली होतीच. १९९४ ला टाटा सुमो आली आणि मोठ्या कुटुंबांची सोय झाली. १९९८ च्या शेवटी पुण्यातून इंडिका आली, १४०५ सीसीचं डिझेल, तेही नव्या गाडीत, हप्त्यावर. जुन्या अ‍ॅम्बॅसिडरवर खर्च करायला मग कोण थांबतो? २०१४ च्या मेमध्ये उत्तरपाड्याचा कारखानाही थांबला. बिडाच्या प्लेटांचे पॅटर्न आमच्या माळ्यावर बरीच वर्षं होते, वाळवीने खाल्ले.

आज कुणाला हा इतिहास शोधायचा असेल तर तो दोनच ठिकाणी सापडेल. एक, म्हाताऱ्या मिस्त्रींकडे, आणि ते भराभर कमी होतायत. दुसरं, आरसी बुकात. १९६५ ची गाडी, १९८८ चं इंजिन, दोघांच्या तारखा एकाच पानावर, आणि कुठल्या वर्षी घराला जास्त ताकद लागली याची नोंद सरकारी शाईत. सांगली, मिरज, कऱ्हाड, इचलकरंजी, जिथे जिथे अशा गाड्या होत्या तिथल्या घरांत ही पुस्तकं अजून ट्रंकेत असतील. गाडी भंगारात गेली असेल तरी पुस्तक रद्दीत घालू नका. त्यावरचं बदलाचं पान झेरॉक्स करून, मागे गॅरेजचं आणि मिस्त्रीचं नाव आठवत असेल तर तेवढं लिहून ठेवा.